फुले, पाने आणि रेझिन: ठाण्याच्या दमट हवेत दागिने घडवताना आणि ऑनलाइन विकताना

तळ्याकाठची (ठाणे पश्चिम)

रेझिनमध्ये खरी फुले आणि पाने बसवून कानातले, लटकन, अंगठ्या घडवू इच्छिणारे बहुतेक जण 'कोणत्या कंपनीचे रेझिन घ्यावे' या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याने आधी हवेचा विचार करावा, मग फुलाचा, आणि कंपनीचा सर्वांत शेवटी. आपण जे व्हिडिओ पाहून शिकतो, त्यांतले पुष्कळसे कोरड्या आणि थंड प्रदेशांतले असतात. तिथे जे मिश्रण रात्रभरात टणक आणि नितळ होते, तेच आपल्याकडे जुलै महिन्यात चिकट आणि धुरकट निघते, आणि नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला देतो.

इपॉक्सी रेझिन दोन बाटल्यांत मिळते, एका बाटलीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. हार्डनरमध्ये अमाइन वर्गातील रसायने असतात. हवेत बाष्प जास्त असले की ही रसायने बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर मेणचट, तेलकट थर धरतो. हा थर पाण्यात विरघळत असल्यामुळे कोमट साबणाच्या पाण्याने निघून जातो. मात्र तो न धुता थेट पॉलिश पेपर फिरवला, तर तो पृष्ठभागावरच घासला जातो आणि त्यावर ओतलेला पुढचा थर धड चिकटत नाही. म्हणून पावसाळ्यात ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो बाष्प काढणाऱ्या मोडवर ठेवून, खोलीचे तापमान साधारण 24 ते 25 अंशांवर स्थिर करून मगच मिश्रण करावे, आणि ओतलेले साचे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. डब्याचा दुसरा फायदा असा, की घोडबंदर रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना ज्या धुळीशी बारमाही झगडावे लागते, ती ओल्या रेझिनवर बसत नाही.

प्रमाणाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, कारण चिकट राहिलेल्या नगांपैकी निम्मे तरी तिच्यामुळे बिघडतात. बाटलीवर दोनास एक असे लिहिलेले असेल, तर ते आकारमानाने की वजनाने हे नीट वाचावे. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे आकारमानाचे प्रमाण वजनकाट्यावर जसेच्या तसे वापरले तर हार्डनर जास्त पडतो. कानातल्याच्या एका जोडासाठी जेमतेम काही ग्रॅम मिश्रण लागते, आणि इतक्या थोड्या मापात अर्ध्या ग्रॅमची चूकही महागात पडते. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घेण्यासारखा आहे.

आता फुलांकडे वळू. फूल हाताला कोरडे लागणे आणि ते खरोखर कोरडे असणे यांत फार फरक आहे. पाकळीत ओल शिल्लक असली की ती रेझिनमध्ये कोंडली जाते, भोवती बारीक बुडबुडे धरतात आणि काही महिन्यांत पाकळी आतल्या आत तपकिरी पडते. तोपर्यंत दागिना गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेला असतो. चपटी फुले टीपकागदात घालून जड पुस्तकाखाली दाबावीत आणि कागद दररोज बदलावा. आकार टिकवायचा असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत फूल पूर्ण पुरावे. रंग बदलणारे जेल घेतल्यास ओल धरल्याचे दिसून येते. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे ओलीने गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे, त्यामुळे मी ते घरात आणत नाही.

आपल्या परिसरातील फुलांपैकी बोगनवेल सर्वांत सोपी. तिची रंगीत पाकळी वस्तुतः एक प्रकारचे पान असते, तिच्यात पाणी फार कमी असते आणि ती मुळातच कागदी असते. गोकर्णाचा निळा रंग बराच टिकतो. तांबडा गुलाब वाळताना काळपट होतो, हे मागणी घेतानाच सांगावे. मोगरा, अनंत, तगर अशी पांढरी फुले रेझिनमध्ये गेली की पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात किंवा पिवळी पडतात. त्यावर उपाय म्हणजे वाळलेल्या पाकळीला आधी पातळ पांढऱ्या डिंकाचा हात देऊन तो पूर्ण सुकू देणे. पारिजातकाचे पाहावे तर पांढरा भाग विरून जातो, पण केशरी देठ रंग धरून राहतो. पूर्वी या देठांपासून कापड रंगवण्याचा रंग काढत असत. माझ्याकडे सर्वांत जास्त मागणी मात्र पिंपळाच्या जाळीदार पानाला आहे. शाळेच्या वहीत ते ठेवलेले नाही असे मराठी माणूस विरळाच, आणि हरितद्रव्य निघून गेलेले असल्यामुळे त्यात ओल किंवा रंग बिघडण्याचा प्रश्नही उरत नाही.

आपले अनुभव, शंका आणि मतभेद अवश्य लिहावेत.

घणसोलीकर

धागा उत्तम आहे, परंतु त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती भरून काढणे मला अत्यावश्यक वाटते. मी नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात इपॉक्सीवर काम केले आहे. तिथे ज्या पदार्थाला हातमोज्यांशिवाय स्पर्श करण्याची परवानगी नव्हती, तोच पदार्थ लोक स्वयंपाकघरातील ओट्यावर, लहान मुले शेजारी असताना ढवळत आहेत, असे मी हल्ली व्हिडिओंत पाहतो.

कडक न झालेले इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर हे दोन्ही त्वचेला संवेदनशील बनवणारे पदार्थ आहेत. याचा अर्थ असा, की पहिल्या अनेक वेळा काहीही होत नाही, आणि मग एके दिवशी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर किंवा पापण्यांवर खाज आणि पुरळ सुरू होते. एकदा शरीराने ही ओळख पटवली, की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. काम सोडून द्यावे लागलेले कामगार मी पाहिले आहेत. रबराचे पातळ हातमोजे पुरत नाहीत, नायट्राइलचे घ्यावेत आणि रेझिन लागले की लगेच बदलावेत. त्वचेवर पडलेले रेझिन स्पिरिटने पुसू नये, कारण त्यामुळे ते अधिक आत जाते. साबण आणि पाणी वापरावे. कापडी किंवा साधा मास्क वाफेला अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. घासकाम नेहमी पाण्याखाली करावे, म्हणजे धूळ उडत नाही.

'वास येत नाही, म्हणजे निर्धोक आहे' हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. बाटलीवर विषारी नसल्याचे लिहिलेले असते, ते बहुधा पूर्ण कडक झालेल्या वस्तूबद्दल असते. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, कपातच कडक होऊ द्यावे आणि मग सुक्या कचऱ्यात टाकावे. मात्र मोठ्या कपात जास्त मिश्रण तसेच ठेवले, तर स्वतःच्याच उष्णतेने ते तापते आणि त्यातून धूर निघू शकतो, म्हणून ते पसरट भांड्यात पातळ ओतून ठेवावे.

तळ्याकाठची

घणसोलीकर, आपला प्रतिसाद मूळ लेखाचाच भाग समजावा, अशी सर्वांना विनंती. बंद खोली आणि खेळती हवा या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, त्यामुळे मी ढवळणे आणि ओतणे खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावून करते, आणि साचे डब्यात बंद झाल्यावरच खिडकी लावते.

पानगळ (कळवा)

नमस्कार ताई. माझी खोली लहान आहे आणि चोवीस तास साचे मांडून ठेवण्याइतकी जागा नाही. यूव्ही रेझिन दिव्याखाली काही मिनिटांत कडक होते असे ऐकले आहे. दमट हवेचा प्रश्नही त्यामुळे सुटेल का?

तळ्याकाठची

हवेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो, कारण ते रेझिन वेगळ्या प्रकारचे असते आणि प्रकाशाने कडक होते. पण प्रकाश जिथे पोहोचत नाही, तिथे ते द्रवच राहते. गडद पानाच्या किंवा जाड फुलाच्या मागे ओला थेंब शिल्लक राहिला, तर तो पुढे त्वचेला लागतो. म्हणून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी ओतू नये आणि नग उलटून मागूनही दिव्याखाली धरावा. कडक होताना ते अधिक आकसते, त्यामुळे पातळ पट्टीसारखे नग वाकतात. त्वचेच्या बाबतीत घणसोलीकरांनी सांगितलेली काळजी इथेही तितकीच लागते. लहान कुड्या आणि धातूच्या चौकटीतील बारीक फुले यांसाठी मी तेच वापरते, जाड लटकनांसाठी मात्र इपॉक्सीच.

येऊरची_वाट

मूळ लेखात फुले कुठून आणायची हे आलेले नाही, म्हणून लिहितो. रविवारी सकाळी येऊरला फिरायला जाऊन पिशवीभर नेचे, रानफुले आणि बिया गोळा करणारे कारागीर मला भेटतात. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज काढून नेता येत नाही. गळून पडलेले आहे, या युक्तिवादाने त्यात फरक पडत नाही. ठाणे खाडीचा जो भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, तिथल्या पिसांनाही हेच लागू आहे. फ्लेमिंगोचे खरे पीस घातलेले पेंडंट म्हणून कोणी जाहिरात करत असेल, तर त्याने ती तातडीने काढून टाकावी. प्रवाळ तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि काही शिंपल्यांनाही संरक्षण आहे. मोराचे झडलेले पीस देशात विकता येते, पण परदेशी पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट गुंजेची. लाल-काळी गुंज रेझिनमध्ये सुंदर दिसते आणि सोनारांच्या जुन्या मापामुळे तिला दागिन्याशी नातेही आहे. परंतु तिच्यातील अ‍ॅब्रिन हे अत्यंत जहाल विष आहे. अखंड बीचे कवच टणक असल्याने ते आत राहते, पण भोक पाडताना किंवा घासताना कवच फुटले की ती धूळ घातक ठरते. माझ्या मते गुंज वापरूच नये.

सोसायटीच्या बागेतील बहावा, तामण, बोगनवेल यांवर भागवावे. माळीकाकांना आधी सांगून ठेवले, तर ते छाटणीतील फुले आनंदाने बाजूला काढतात.

पामबीच_१७

एक स्पष्ट मत मांडते, राग नसावा. या दागिन्यांच्या बहुतेक पानांवर 'निसर्गस्नेही', 'पर्यावरणपूरक' अशी विशेषणे दिसतात. आत फूल आहे म्हणून वस्तू निसर्गस्नेही होत नाही. इपॉक्सी हे पेट्रोरसायनांपासून बनलेले प्लास्टिक आहे, ते पुन्हा वितळवून वापरता येत नाही आणि कुजतही नाही. शिवाय जे फूल दोन दिवसांत मातीत मिसळले असते, तेही आपण त्यात अडकवून ठेवतो. निसर्गावरून स्फुरलेले म्हणा, त्याला माझी हरकत नाही.

तळ्याकाठची

आपला मुद्दा मान्य आहे आणि मी माझ्या पानावर ती विशेषणे वापरत नाही. मात्र एक फरक करावासा वाटतो. वर्षानुवर्षे वापरली जाणारी, जपून ठेवली जाणारी वस्तू आणि एकदा वापरून फेकली जाणारी वस्तू यांना एकाच मापाने मोजू नये. माझा आग्रह इतकाच, की विकणाऱ्याने रेझिनचे गुणदोष दोन्ही लिहावेत. उन्हातील अतिनील किरणांमुळे ते हळूहळू पिवळे पडते, आणि ते टाळण्यासाठी घातलेली रसायने ही क्रिया लांबवतात, थांबवत नाहीत. घरगुती तापमानाला कडक झालेले बरेचसे इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली अंगठी वाकू शकते. अत्तर आणि सॅनिटायझर थेट लावू नये. एवढे चार ओळींत लिहिल्याने विक्री घटते, असा माझा अनुभव नाही. उलट तक्रारी कमी होतात.

पानगळ (कळवा)

हुकांबद्दल कोणी सांगेल का? माझ्या बहिणीचे कान साध्या कानातल्यांनी सुजतात.

घणसोलीकर

बहुधा निकेल. स्वस्त मिश्रधातूच्या हुकांत ते असते आणि वरचा सोनेरी मुलामा घामाने उडाला की ते त्वचेला लागते. 316 दर्जाच्या स्टीलमध्येही निकेल असते, पण ते फारसे बाहेर पडत नाही, म्हणून बहुतेकांना चालते. ज्यांना तीव्र त्रास आहे त्यांनी टायटॅनियम घ्यावे. 'अ‍ॅलर्जी होणार नाही' असे ठाम वचन कोणत्याही धातूबद्दल लिहू नये.

हिशेबनीस (वाशी)

आता पैशांविषयी, कारण या धाग्यात त्याचा उल्लेख अजून आलेला नाही आणि पुष्कळ गुणी कारागीर तिथेच थकतात. किंमत ठरवताना लोक रेझिन, हुक आणि डबी यांची बेरीज करतात, तिची दुप्पट करतात आणि थांबतात. समजा एका जोडाचे साहित्य साठ रुपयांचे आहे. दुपटीने किंमत एकशेवीस झाली. पण फूल वाळवणे, मांडणी, दोन थर ओतणे, घासणे, भोक पाडणे, छायाचित्र काढणे, गिऱ्हाइकाच्या संदेशांना उत्तरे देणे आणि पार्सल बांधणे यांत दीड तास गेला असेल, तर उरलेले साठ रुपये ही दीड तासाची मजुरी झाली, आणि त्यातूनच बिघडलेले नग, संकेतस्थळाचे कमिशन आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क वजा व्हायचे आहे. तासाचा दर आधी ठरवावा, एका वेळी ओतलेल्या सर्व नगांवर वेळ वाटून घ्यावा, आणि दहातला एखादा नग वाया जाणार हे किंमतीतच धरावे. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक आणलेल्या तयार कानातल्यांच्या किंमतीशी स्पर्धा करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. ती स्पर्धा हाताने काम करणारा माणूस जिंकू शकत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या ई-कॉमर्स मंचावरून विकायचे तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागत असे, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना राज्यांतर्गत विक्रीपुरती त्यातून सूट आहे आणि केवळ नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पार्सल बंगळूर किंवा इंदूरला गेले, की ती आंतरराज्य विक्री होते आणि नियम बदलतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तिथेही सवलत आहे, परंतु आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराकडून लेखी घ्यावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

येऊरची_वाट

प्रदर्शनांचा उपयोग होतो का? बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये असे गाळे पाहिले आहेत.

हिशेबनीस (वाशी)

होतो, पण तिथल्या दिवसाच्या विक्रीवरून तो मोजू नये. रेझिनचा दागिना हातात घेतल्यावरच त्याचा हलकेपणा कळतो, छायाचित्रात तो जड वाटतो. गाळ्यावर ज्यांनी एकदा हाताळले, ते पुढे ऑनलाइन निर्धास्तपणे मागवतात. गाळ्याचे भाडे जाहिरातीच्या खात्यात लिहावे.

पामबीच_१७

पार्सल पोहोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवावी की नाही, यावर माझे मत 'नाही' असे आहे. घेण्यास नकार मिळाला की जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही खर्च विकणाऱ्यावर पडतात, आणि हाताने घडवलेल्या एकेका नगाच्या धंद्याला ते परवडत नाही. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन लावतात, म्हणून मोठा खोका घेऊन त्यात कागद कोंबण्यापेक्षा लहान, जाड पुठ्ठ्याचा खोका बरा. नग बबल रॅपमध्ये घालण्याआधी मऊ कागदात गुंडाळावा, अन्यथा उन्हाळ्यात रॅपच्या गोळ्यांचे ठसे रेझिनवर उमटू शकतात. हे विशेषतः नग पूर्ण मुरण्याआधी पाठवला तर घडते.

पानगळ (कळवा)

शेवटचा प्रश्न. एका ओळखीच्या काकूंनी मुलीच्या लग्नातील वरमाला रेझिनमध्ये जतन करून त्यातील काही पाकळ्यांचे पेंडंट करून मागितले आहे. लग्न पुढच्या महिन्यात डोंबिवलीत आहे. हे काम घ्यावे का?

तळ्याकाठची

घ्यावे, पण काही गोष्टी आधी लिहून द्याव्यात. लग्नाचे हार दिवसभर पाणी मारून ताजे ठेवलेले असतात आणि दिव्यांच्या उष्णतेत पाकळ्यांच्या कडा करपलेल्या असतात, म्हणून हार त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हाती यायला हवा. तोपर्यंत तो कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला सांगावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास पेशी फुटतात आणि पाकळी काळी पडते. हार हाती आल्यावर ताबडतोब सोडवावा, दोरा आणि जर वेगळी काढावी, आणि कुजू लागलेल्या पाकळ्या त्याच वेळी बाजूला कराव्यात. जरीचा तुकडा पेंडंटमध्ये घेतला तर छान दिसतो आणि तो बदलतही नाही. निशिगंध असेल तर तो पिवळसर होणार आणि तांबडा गुलाब गडद होणार, हे काकूंना आधीच्या कामाची छायाचित्रे दाखवून समजावावे.

सर्व पाकळ्या एकदम वापरू नका. ही फुले दुसऱ्यांदा मिळणार नाहीत, तेव्हा आधी बाजारातून आणलेली तशीच फुले वाळवून एक नमुना ओता, तो निदान आठवडाभर पाहा, आणि मगच खऱ्या पाकळ्यांना हात लावा. उरलेल्या वाळलेल्या पाकळ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवून पेंडंटबरोबर त्यांना परत द्या. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे देण्याची तारीख महिनाभर पुढचीच सांगा.

पानगळ (कळवा)

आभारी आहे, ताई. उद्याच बाजारातून निशिगंध आणि गुलाब आणून नमुन्यासाठी वाळत घालते. काकूंशी बोलणे झाले की इथे कळवीन.